हरलेल्या संघाचे पेढे

आमच्या शेजारच्या आजोबांचा कॉलेजचा फुटबॉल संघ सत्तर वर्षांपूर्वी मॅचमागून मॅच हरला होता. गेल्या पानगळीत मी त्यांना त्यातल्या बऱ्याच मॅचेस जिंकून दिल्या. मैदानावर नव्हे, त्यांच्या पोर्चवर, दोन खुर्च्यांच्या मध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून. मी दुभाष्या होतो.

मी मुळात अपराधी वाटून घेणारा माणूस आहे. पार्किंगमध्ये गाडी रेषेवर लागली तर दुकानात माझं लक्ष लागत नाही. मीटिंगमध्ये दुसऱ्याची चूक निघाली तरी माझी मान खाली जाते. असा माणूस शनिवारमागून शनिवार, दोन म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत बघून, हसतमुखाने खोटं बोलत होता. हे लिहून काढलं तर जरा हलकं वाटेल, असं बायको म्हणाली. बघतो.

माझे वडील, घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वर्ध्याकडच्या एका शाळेत पी.टी.चे मास्तर होते. शाळेचा कबड्डीचा संघ त्यांचा. आई गेल्यावर मी त्यांना इथे अमेरिकेत, अल्फारेटाला घेऊन आलो. आले, पण सोफ्याच्या एका कोपऱ्यात, बसस्टँडवर बसल्यासारखे बसून राहिले. बॅगसुद्धा पूर्ण उघडली नव्हती. जेवायला बोलावलं की यायचे, वरण-भात खायचे आणि उठताना विचारायचे, "तिकिटाचं पाहिलं का?"

"पाहतो, अण्णा."

"पाहतो पाहतो नको करू. पाह्य."

शेजारच्या आजोबांशी ओळख झाली ती मीच करून दिली. आजोबा नव्वदीला टेकलेले, एकटे, उंचेपुरे, गुडघे गेलेले. शरदातल्या शनिवारी आमची सगळी गल्ली कॉलेज फुटबॉलच्या झेंड्यांनी भरून जाते, घराघरांतून टीव्हीचा ओरडा ऐकू येतो. हे मात्र टीव्ही बंद करून बाहेर पोर्चवर बसतात. मी कचऱ्याचा डबा आत घेता घेता सहज सांगितलं, की माझे वडील आलेत, ते गावाकडे कबड्डीचे कोच होते.

"कोच?" आजोबा खुर्चीचे हात धरून उभे राहिले. त्यांना उभं राहायला किती वेळ लागतो हे मला माहीत होतं. "बोलाव त्यांना. कोचला असं घरात बसवून ठेवतात का?"

अडचण भाषेची होती. अण्णा इंग्रजी पेपर वाचतात, पण आजोबांचं इंग्रजी जॉर्जियाच्या उत्तरेकडच्या डोंगरातलं; शब्द तोंडात घोळवून, शेपूट गिळून बाहेर येणारं. मलाच निम्मं कळतं. म्हणून मी मध्ये स्टूल टाकलं.

आजोबा म्हणाले, कोच आहेत तर आमचा हंगाम ऐकून घ्या. शनिवारी एक मॅच, जशा खेळल्या तशा. डोंगरातलं लहानसं कॉलेज, जेमतेम दोन संघ होतील एवढी मुलं, रसायनशास्त्राचे प्राध्यापकच कोच. आजोबा डाव्या बाजूचे गार्ड, म्हणजे समोरच्याला अंगाने अडवणारे. त्या हंगामानंतर कॉलेजने फुटबॉलच बंद केला. हे सांगताना ते हसले, म्हणून मीही हसलो, म्हणून अण्णाही हसले.

इथला फुटबॉल हाताने खेळतात; तो समजावताना माझी तारांबळ उडाली. मी इथे इतकी वर्षं राहून फुटबॉल धड बघितलेला नाही. चेंडू घेऊन पळायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं, पाडलं की थांबून पुन्हा रांग लावायची, एवढं मी सांगितलं. अण्णांनी मला हाताने थांबवलं.

"म्हणजे चढाई आन् पकड. फक्त दम घ्यायची परवानगी आहे. पुढे सांग."

पहिली मॅच मी प्रामाणिकपणे भाषांतरित केली. हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. समोरच्या संघाच्या गावात, भर उन्हात, एक्केचाळीस-शून्य.

"कोणाचे एक्केचाळीस?" अण्णांनी विचारलं.

"समोरच्यांचे."

"आणि हे सांगायला यानं मला खुर्ची दिली?"

पाठीला रग लागली असं सांगून ते उठले. त्या आठवड्यात तिकिटाची चौकशी दिवसातून दोनदा झाली. तिकडे आजोबा मात्र रोज दुपारी दोन खुर्च्या बाहेर काढून ठेवत होते, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्या दिसत होत्या. या अख्ख्या देशात माझ्या वडिलांना भेटून आनंद झालेला एकच माणूस होता, आणि तो हरलेल्या मॅचेस सांगणार होता.

पुढच्या शनिवारी मी जवळजवळ ढकलतच त्यांना नेलं. आजोबांनी पावसातली मॅच सांगितली. चिखल घोट्यापर्यंत, चेंडू साबणासारखा, आणि शेवटच्या मिनिटाला आजोबांच्याच हाताला लागून तो निसटला आणि समोरच्या पोराने त्यावर अंग टाकलं. आजोबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

अण्णा माझ्याकडे बघत होते. "काय झालं?"

"जिंकले," मी म्हणालो.

मी असं म्हणणार आहे हे मला तोंड उघडेपर्यंत माहीत नव्हतं.

"मग तोंड काहून झाकते तो?"

"भरून आलं त्यांना, अण्णा. चेंडूवर यांनीच अंग टाकलं होतं. कॅप्टन होते ना."

अण्णा झटकन उठले. आजोबांचा हात दोन्ही हातांत घेऊन त्यांनी जोरात हलवला. घरी येऊन बायकोला म्हणाले, "सूनबाई, इथं पेढे भेटतात का? जिंकलेल्या पोराले तोंड गोड केल्याशिवाय मी कधी घरी जाऊ दिलं नाही." आई गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं. बायको गाडी काढून इंडियन स्टोअरला गेली आणि पाव किलोचा डबा घेऊन आली.

आजोबांनी डबा उघडून पाहिला. मला विचारलं, "हे कशासाठी?"

"आमच्याकडे पद्धत आहे."

"हरल्यावर?"

मी शपथेवर सांगतो, हा शब्द त्यांचा. माझी फक्त मान हलली.

आजोबांनी पेढा हळूहळू खाल्ला. मग म्हणाले, "आम्ही हरून परत यायचो तेव्हा बसमध्ये कोणी कोणाशी बोलायचं नाही. जेवणघरात आमच्या टेबलाजवळ कोणी बसायचं नाही. तुमचा देश फार जुना आहे, हे खरं."

"काय म्हणतात?" अण्णांनी विचारलं.

"छान झालेत म्हणतात."

त्यानंतर मला थांबता येईना. आजोबा मनापासून हरायचे आणि मी दर वेळी त्यांना जिंकवायचो. मैदानात कुत्रा शिरला आणि समोरच्या संघाच्या धावणाऱ्या पोराला वाट मोकळी मिळाली; माझ्या भाषांतरात कुत्रा त्याच्या पायात आला. बस बिघडून संघ उशिरा पोचला आणि पाय मोकळे करायच्या आतच सामना हातचा गेला. माझ्याकडे ते उतरले ते थेट धावतच. चष्म्याला रबर बांधून खेळणाऱ्या एका पोराने चुकून उलट्या दिशेला धाव घेतली होती. त्याला मी नुसतं वळवून घेतलं. हे सगळ्यात सोपं गेलं.

कधीकधी फजिती व्हायची. एकदा माझ्या तोंडून "शेवटच्या षटकात" निघून गेलं.

"यांच्यात षटकं असतात?"

"असतात. चारच असतात. क्वार्टर म्हणतात."

"चार षटकांत काय होते रे?" अण्णा म्हणाले, पण पुढे ऐकत राहिले.

अण्णा त्यांना कॅप्टन म्हणायला लागले. आजोबांना वाटलं, भारतात वडीलधाऱ्यांना असंच म्हणत असतील. तेही अण्णांना कोच म्हणायचे. शनिवारी दुपारी अण्णा दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, पेढ्यांचा डबा काखोटीला मारायचे आणि मला हाक मारायचे, "चाल बे, मॅच चुकंल." बॅग केव्हातरी उघडली गेली. तिकिटाचा विषय बंद झाला. आणि मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या विचार करायचो, की माझ्या वडिलांची इथली एकुलती एक मैत्री माझ्या थापांवर उभी आहे आणि ती पडली तर दोघेही माझ्यामुळे एकटे पडतील.

माझ्या हायस्कूलमधल्या मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर ती इंग्रजीत देते. एका शनिवारी ती लिंबू सरबत घेऊन पोर्चवर आली, पाच मिनिटं उभी राहिली आणि घरी आल्यावर मला म्हणाली, "बाबा, दॅट इज नॉट व्हॉट ही सेड."

"मला माहितेय."

"लाइक, अॅट ऑल."

"माहितेय गं."

"ओके. जस्ट चेकिंग."

एकच मॅच सांगायची राहिली होती तेव्हा आजोबांनी जाहीर केलं, की पुढच्या शनिवारी संघातले उरलेले दोघं भेटायला येणार आहेत. कोचनी यायलाच पाहिजे. आणि येताना ती मिठाई आणा, त्यांनी आयुष्यात हरल्याचं गोड कधी खाल्लेलं नाही.

मी आजारी पडायचं ठरवलं. बायको म्हणाली, "तू आजारी पडलास तर पोरगी जाईल भाषांतर करायला." मी बरा झालो.

आलेल्यांपैकी एक उंच आणि वाकलेले, दुसरे बुटके आणि ठार बहिरे. अण्णांनी कोट घातला होता. मुलगी मजा बघायला म्हणून माझ्यामागे येऊन पायरीवर बसली. सगळ्यांच्या हातात पेढा गेल्यावर अण्णा उभे राहिले आणि मला म्हणाले, "सांग त्यांना. असा अजिंक्य संघ मी जन्मात पाह्यला नाही."

मी इंग्रजीत सांगितलं, "वडील म्हणतात, तुमच्यासारखी चिकाटी त्यांनी कुठे पाहिली नाही."

"चिकाटी?" उंच आजोबा म्हणाले. "अहो, अर्ध्या मॅचेसमध्ये आम्ही मध्यंतरालाच सामान आवरायला घेत होतो." तिघेही खो खो हसले.

"काहून हसले रे ते?"

"लाजले, अण्णा."

पायरीवर मुलीला ठसका लागला.

मला वाटलं, निभावलं. पण अण्णांनी खिशातून चष्मा काढला, घसा साफ केला आणि मला बाजूला सारलं. एक वाक्य त्यांनी स्वतः तयार करून आणलं होतं. शाळेतल्या ध्वजवंदनाच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "जंटलमेन. ऑल मॅच, ऑल व्हिक्टरी. आय सॅल्यूट यू." आणि त्यांनी खरोखरच सलाम ठोकला.



"काय म्हणाला तो?" बहिऱ्या आजोबांनी विचारलं.

उंच आजोबा त्यांच्या कानाशी वाकले. "म्हणतोय, आपण जिंकलो."

"कधी?"

शेजारच्या आजोबांनी अण्णांकडे पाहिलं, मग हातातल्या पेढ्याकडे, मग माझ्याकडे. सगळ्यात शेवटी माझ्याकडे, आणि तिथेच थांबले. मग ते खुर्चीचे हात धरून उठले आणि त्यांनी अण्णांना उलट सलाम केला. "थँक यू, कोच," म्हणाले. पाहुण्यांसमोर त्यांनी दुसरा शब्द काढला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी पोर्चवर खुर्च्या नव्हत्या.

अण्णा दाढी करून, शर्ट घालून, खिडकीशी उभे. "कॅप्टन दिसत नाही आज. बरं नसंल का? शेवटची मॅच राह्यली ना." थोड्या वेळाने पुन्हा, "जाऊन पाह्य बरं."

मी गेलो. आजोबांनी दार उघडलं, आत ये म्हणाले नाहीत. मी उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी विचारलं, "म्हणजे ती मिठाई जिंकल्याची होती?"

"हो."

"दर वेळची?"

"दर वेळची."

ते रस्त्याकडे बघत राहिले. "मला वाटलं होतं, एक माणूस आहे, ज्याला हरलेलं ऐकायला आवडतं." मग म्हणाले, "कोचला सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग इथे काय करतोयस?"

घरी मुलगी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत होती, अण्णा समोर बसले होते. मी सांगितलं, ते हरले होते. अण्णांना वाटलं, एखादी मॅच.

"चिखलातली?"

"हरले."

"कुत्र्यावाली?"

"हरले. कुत्रा खरा होता."

"ते शेवटच्या षटकातली?"

"त्यात षटकं नसतात, अण्णा."

मुलीने डोकं वहीवर टेकवलं. तिचे खांदे हलत होते.

"आन् कॅप्टन?"

"कॅप्टनही नव्हते ते."

 अण्णांचे कान लाल झाले होते. "त्या माणसाच्या दोस्तायसमोर मी सलाम ठोकला," ते म्हणाले. "त्यांना वाटलं असंल, मास्तर आपली टर उडवते." मी सॉरी म्हणालो. त्यांनी ते ऐकलंच नाही. "इतके हरत होते तर पुढच्या शनिवारी उतरत काहून होते?"

"माहीत नाही. मी कधी विचारलं नाही."

"तू कसा विचारशील? तुझे तर जिंकत होते."

ते उठले, कॅनव्हासचे बूट चढवले. मीही उठलो. "तू बस," ते म्हणाले. दाराशी जाऊन वळले आणि नातीला म्हणाले, "तू चाल."

मी खिडकीतून बघत होतो. दार उघडायला वेळ लागला. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. अण्णा हात जोडून उभे दिसले, मुलगी मध्ये काहीतरी सांगत होती, आजोबा दाराची चौकट धरून.  मग आजोबांनी आतून एक खुर्ची ढकलत आणली आणि दुसरी अण्णांनी उचलून आणली. स्टूल कोणी आणलं नाही. मुलगी कठड्यावर बसली.

ती परत आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले अण्णा?"

"ही सेड, पहिल्यापासून सांग. आणि खरं सांग."

"आणि आजोबा?"

"ही सेड, इट गेट्स वर्स, कोच." ती फ्रीज उघडून उभी राहिली. "अँड अण्णा सेड, गुड."

तेव्हापासून हंगाम नव्याने सुरू झाला, आणि हा पहिल्यापेक्षा कितीतरी सावकाश चालला. कारण माझ्या अजिंक्य संघाबद्दल अण्णांना हात मिळवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. हरणाऱ्या संघाबद्दल मात्र मास्तरांना पुष्कळ म्हणायचं आहे. ओकची फळं गोळा करून त्यांनी पोर्चच्या फरशीवर दोन्ही संघ मांडले. एक्केचाळीस-शून्यलाच दोन शनिवार गेले. त्यांच्या मते डावा कोपरा उघडा होता, आणि रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला मध्यरक्षक कुठे उभा करतात एवढंही ठाऊक नव्हतं.

"पण कोच," आजोबांचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो, "तो माणूस माझ्या दुप्पट होता!"

"अँकल!" अण्णा ओरडतात. "होल्ड अँकल! नो होल्ड वेस्ट!" आणि खुर्चीवरून वाकून घोटा कसा धरायचा ते स्वतःच्या घोट्यावर दाखवतात. आजोबा दुखरा गुडघा सांभाळत तो पवित्रा घेऊन बघतात. सत्तर वर्षांनी त्यांना कोच मिळालाय. परवा उंच आजोबाही गाडी करून आले आणि आपली जागा कुठे चुकत होती ते विचारून गेले. बहिरे आजोबा फोन करून विचारतात, अजून जिंकलो की नाही.

मला तिथे बोलावत नाहीत. चहा नेऊन दिला की अण्णा म्हणतात, "ठेव तिथं," आणि मी पायऱ्या उतरेपर्यंत बोलणं थांबवतात. आता मुलीचीही फारशी गरज लागत नाही; अण्णांचं इंग्रजी आणि आजोबांचा कबड्डीतला अंगविक्षेप यांच्यात भागतं. मी गाडी पुसायच्या निमित्ताने ड्राइव्हवेवर रेंगाळतो. अपराधी वाटतंच, पण त्यात थोडा हेवाही मिसळलाय, हे कबूल करतो.

गेल्या शनिवारी त्यांची शेवटची मॅच झाली. तीच, जी माझ्या वाट्याला आलीच नव्हती. सबंध दुपार पोर्चवरून हसण्याचा, मग बराच वेळ कसलाच नाही, मग एकदम टाळीचा आवाज आला. अण्णा अंधार पडायला घरी आले, हातपाय धुऊन जेवायला बसले, आणि जेवता जेवता स्वतःशीच मान हलवत राहिले. मला राहवेना.

"काय झालं शेवटच्या मॅचमध्ये?"

अण्णांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने ओठ घट्ट मिटून घेतले.

"आम्हाला काय विचारतो बे?" अण्णा म्हणाले आणि त्यांनी भाताची मूद फोडली. "तूच सांग. तुला तर न ऐकताच येते."